राखीव आणि राखण : खाजगी वनभूमीवरील निर्बंधांचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यातील वाशी हे बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. या प्रदेशात दाट अरण्य फार नाही. उतारांवरील खुरटे रान, गवताळ माळ, ओढ्याकाठची बाभळ आणि बांधावरचे आंबा, चिंच व लिंब यांनीच येथील वनश्री बनलेली आहे. बालाघाटाच्या एका अंगाचे पाणी मांजरेकडे व पुढे गोदावरीकडे जाते, तर दुसऱ्या अंगाचे सीनेकडे व पुढे भीमेकडे. उतारावरचे रान कोणाच्या खात्यात आहे, हा महसुली प्रश्न होय. परंतु ते रान उरले नाही तर माती कोणाच्या शेतातून वाहून जाईल आणि विहीर कोणाची आटेल, हा प्रश्न सातबाऱ्याच्या मर्यादेत मावत नाही. जमीन एकाची आणि तिच्यावरील झाडोऱ्याचा लाभ अनेकांचा, अशा स्थितीत मालकाची मालकी कायम ठेवून त्याच्या हातावर काही बंधन घालता येईल काय, आणि घातल्यास ते बंधन पाळले जाते की नाही हे कोणी पाहावयाचे, या दोन प्रश्नांचा महाराष्ट्रातील इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेत या प्रश्नाचे एक उत्तर खाजगी करारातून निघाले. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली सार्वजनिक उपयोगाच्या भूमी जतन करणारी एक विश्वस्त संस्था स्थापन झाली, आणि तिच्या धर्तीवर पुढे अनेक भूमिन्यास निघाले. मालकाने आपल्या जमिनीवर बांधकाम वा तोड न करण्याचे बंधन स्वेच्छेने स्वीकारावे, त्या बंधनाच्या अंमलाचा हक्क अशा न्यासास अथवा शासनास लिहून द्यावा, आणि ते बंधन पुढील खरेदीदारांवरही चालावे, अशी ही व्यवस्था आहे. निरनिराळ्या राज्यांना तिच्यासाठी एक नमुना कायदा १९८१ साली उपलब्ध झाला. या व्यवस्थेचा गाभा मात्र दस्तऐवजात नाही. करार होताना जमिनीची स्थिती नकाशे व छायाचित्रांसह नोंदवून ठेवणे, दरवर्षी प्रत्यक्ष सीमा फिरून त्या नोंदीशी ताडून पाहणे, आणि उल्लंघन आढळल्यास प्रथम मालकाशी बोलणे व अखेरीस न्यायालयात जाणे, ही तिची दैनंदिन बाजू होय. या बाजूकडे ज्या न्यासाने दुर्लक्ष केले, त्याच्या हाती केवळ कागद उरतो.

आपल्याकडे सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा आहे. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यास लागू झाला. त्या कायद्यातील सुविधाधिकार हा व्यक्तीचा नसून जमिनीचा असतो. एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याचा, किंवा तेथे काही होऊ न देण्याचा, हा हक्क होय. हक्क मिळणारी जमीन एक आणि भार सोसणारी जमीन दुसरी, अशा दोन जमिनी असल्यावाचून हा अधिकार संभवत नाही. म्हणून वनाच्या जतनासाठी एखाद्या संस्थेच्या वा सर्व जनतेच्या नावे असा अधिकार निर्माण करण्यास या कायद्यात सहज वाट नाही.

तथापि या कायद्यापासून एक महत्त्वाचा बोध घेता येतो. बांधावरून जाणारी वहिवाटीची वाट किंवा पाटाचे पाणी हे सुविधाधिकाराचे आपल्या परिचयाचे प्रकार आहेत. वाट कोणी नांगरली तर त्याच दिवशी तंटा उभा राहतो, आणि तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारापुढे जातो. येथे निराळ्या निरीक्षकाची गरज पडत नाही, कारण लाभ ज्याचा तोच राखणदार असतो. त्याची बैलगाडी रोज त्या वाटेने जाते. उतारावरील रानाचा लाभ मात्र दूरच्या विहिरीस, खालच्या तलावास आणि पुढच्या पिढीस होतो. हे लाभार्थी रोज त्या वाटेने जात नाहीत. वनावरील निर्बंधाची मुख्य अडचण येथेच आहे.

इंग्रजी राज्याच्या आधी या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जे सामान्यतः १७१५ च्या सुमाराचे मानले जाते, आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. राज्यातील अरण्यातून सागवानादी लाकूड परवानगीने तोडावे. आंबा व फणस ही झाडेही उपयोगी असली तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, बलात्कार करू नये, असा त्याचा आशय आहे. आज्ञापत्राने हा निर्बंध झाडाच्या मालकावर नव्हे, तर राज्याच्या अधिकाऱ्यावर घातला आहे. रयतेच्या हाती असलेले झाड रयतच राखील, हा विश्वास त्यामागे आहे.

दुसरी परंपरा देवराईची. देवाच्या नावे सोडलेल्या राईतील काटकीही घरी न्यायची नाही, हा तेथील दंडक. सह्याद्रीतील अशा राया वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांच्या १९७० च्या दशकातील अभ्यासामुळे विद्वज्जनांपुढे आल्या. देवराईच्या जमिनीची मालकी कोठे गावाची, कोठे देवस्थानाची, कोठे सरकारची असते. परंतु निर्बंधाचा आधार मालकीत नसून सर्वांच्या पाहण्यात असतो. कोणी झाड तोडले तर ते लपत नाही, आणि देवाच्या कोपाचे भय तोडणाऱ्यासच नव्हे तर पाहून गप्प बसणाऱ्यासही असते.

या ठिकाणी मराठीतील एका धातूकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. संस्कृत 'रक्ष्' पासून आलेल्या 'राखणे' या क्रियापदाचे दोन अर्थ एकत्र नांदतात : बाजूस काढून ठेवणे आणि पहारा करणे. या धातूपासून भाषेने दोन भिन्न शब्द घडविले. 'कोरीव', 'घडीव', 'रेखीव' यांच्या जातीचे 'राखीव' हे विशेषण पूर्ण झालेल्या क्रियेचे फळ दाखविते. एकदा राखले की वस्तू राखीव झाली. 'राखण' हे नाम मात्र चालू क्रियेचे आहे; पिकाची राखण रोज करावी लागते, काल केलेली आज पुरत नाही. एकोणिसाव्या शतकापासूनच्या वनविषयक कायद्यांनी वने 'राखीव' करण्याचे सामर्थ्य शासनास दिले, पण 'राखण' ही किरकोळ व्यवस्थेची बाब मानली. खाजगी वनांच्या बाबतीत या उपेक्षेचे परिणाम विशेष ठळक दिसतात.

१८७८ च्या वनकायद्यात, आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये, शासनाच्या मालकीची नसलेली वने व जमिनी यांवरील नियंत्रणासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. १९२७ च्या अधिनियमातील कलम ३५ अन्वये शासन अधिसूचना काढून खाजगी वनात किंवा पडीक जमिनीत नांगरट करणे, गुरे चारणे, आणि झाडोरा जाळणे किंवा साफ करणे यांचे नियमन वा मनाई करू शकत असे. त्यासाठी प्रयोजने नेमून दिलेली होती : वादळ, पूर व गडगडणारे दगड यांपासून संरक्षण, डोंगरउतारावरील मातीचे रक्षण, झरे, नद्या व तलाव यांच्या पाण्याचे सातत्य, रस्ते, पूल व लोहमार्ग यांची सुरक्षा आणि सार्वजनिक आरोग्य. बालाघाटाच्या उतारांना ही यादी तंतोतंत लागू पडते. मात्र अधिसूचनेपूर्वी मालकास कारणे दाखविण्याची नोटीस काढणे, त्याचे आक्षेप व पुरावा नेमलेल्या अधिकाऱ्याने ऐकणे आणि शासनाने त्यांचा विचार करणे आवश्यक होते. मालकाने दुर्लक्ष केले किंवा जाणूनबुजून उल्लंघन केले तर कलम ३६ खाली शासन वनाचा ताबा व्यवस्थेसाठी घेऊ शके. उलट मालकासही एक मार्ग ठेवलेला होता : अधिसूचनेपासून तीन वर्षांनंतर आणि बारा वर्षांच्या आत तो शासनाकडे जमीन संपादन करण्याची मागणी करू शके. निर्बंधाचे ओझे असह्य झाले तर ते मोबदल्यासह उतरविण्याची ही सोय होती.

याच प्रकरणातील कलम ३८ हे अधिक लक्षणीय आहे. वन निर्माण व्हावे किंवा टिकावे या हेतूने मालकाने, सहमालक असल्यास किमान दोन-तृतीयांश हिश्शाच्या मालकांनी, स्वतः होऊन जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी विनंती करावी. मग परस्परांत ठरलेल्या अटींवर वनाधिकाऱ्याने त्या जमिनीची व्यवस्था पाहावी, अथवा अधिनियमातील तरतुदी तिला लागू कराव्यात, अशी ही योजना. मालकी मालकाकडे, बंधन स्वेच्छेचे, अटी दोघांच्या संमतीच्या आणि अंमल शासनाचा, ही अमेरिकेतील भूमिन्यासाच्या कराराशी सर्वांत निकटची भारतीय तरतूद होय. परंतु कायद्याचा पुढील विकास या स्वेच्छेच्या वाटेने झाला नाही.

मुंबई राज्याने १९४८ च्या दुरुस्तीने कलम ३५ कडक केले. नोटीस काढतानाच सहा महिन्यांपर्यंत ठरावीक कृत्ये न करण्याचा हुकूम मालकास देता येऊ लागला, आणि नोटीस दिवाणी व्यवहार संहितेतील समन्साप्रमाणे बजावली जावी, असे ठरले. १९५५ मध्ये आणखी एक कलम आले : नोटीस बजावल्यानंतर जो कोणी ती जमीन घेईल त्यासही ती बंधनकारक राहील. बंधन माणसाबरोबर न जाता जमिनीबरोबर जावे, हे सुविधाधिकाराचे तत्त्व अशा रीतीने मागच्या दाराने वनकायद्यात शिरले. परंतु पुढील खरेदीदारास बंधन कळावे कसे, याची खात्रीशीर सोय झाली नाही. हक्कनोंदणीत उतारा चढला तरच ते कळणार. आणि उतारा चढविणे हे वनखात्याचे नव्हे तर महसूल खात्याचे काम. एका खात्याचा हुकूम दुसऱ्या खात्याच्या वहीत न उतरणे, ही या इतिहासातील पहिली निसरडी जागा.

वाशीचा परिसर या काळात निराळ्या कायद्याखाली होता. धाराशिव आणि रायचूर हे मुलूख १८५३ च्या तहाने कंपनी सरकारकडे गेले आणि १८६० मध्ये निजामास परत मिळाले. तेव्हापासून १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. हैदराबाद वन अधिनियम १३५५ फसलीचा, म्हणजे १९४५-४६ च्या सुमाराचा. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तरी वनविषयक कायदे लगेच एक झाले नाहीत. ते एकीकरण महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६ ने घडून आले. म्हणून १९५० च्या दशकात ठाणे-मुंबईकडे ज्या कलमाखाली नोटिसा निघत होत्या, ते कलम वाशीच्या रानास तेव्हा लागूच नव्हते. मराठवाड्यातील खाजगी झाडोऱ्याचा इतिहास लिहिताना हा भेद नजरेआड केला तर मुंबईचा अनुभव मराठवाड्यावर लादल्यासारखे होईल.

३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम अंमलात आला, आणि निर्बंधाचे युग संपून मालकीचे युग सुरू झाले. त्या दिवशी राज्यातील खाजगी वने सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित झाली. लागवडीखालील व कमाल मर्यादेतील जमीन वगळण्याची तरतूद होती. ज्यांची एकूण जमीन बारा हेक्टरांच्या मर्यादेत होती अशा लहान धारकांना वन परत करण्याचे कलम १९७८ च्या दुरुस्तीने आले. वन अधिनियमातील ३४-अ ते ३७ ही कलमे महाराष्ट्रापुरती रद्द झाली. राखण जमत नाही म्हणून वस्तूच ताब्यात घ्यावी, असा या परिवर्तनाचा अर्थ लावता येईल. परंतु शासनाकडे निहित झालेली जमीन प्रत्यक्ष ताब्यात घेण्यासही कोणीतरी जागेवर जावे लागते, ही गोष्ट कायद्याने बदलली नाही.

'खाजगी वन' या संज्ञेच्या व्याख्येत एक उपखंड असा होता की, ज्या जमिनीविषयी कलम ३५(३) खाली नोटीस काढलेली आहे तीही खाजगी वन समजावी. या एका क्रियापदावर पुढे सुमारे चार दशके वाद चालला. नोटीस केवळ कार्यालयातून निघाली तरी पुरे, की ती मालकाच्या हाती पोचली पाहिजे? चिंतामणी गजानन वेलकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पहिला अर्थ स्वीकारला. पुढे मुंबईच्या उपनगरांतील ज्या जमिनींविषयी १९५० च्या दशकात नोटिसा निघाल्या होत्या, आणि ज्यांवर मधल्या काळात शासनाच्याच परवानगीने वसाहती उभ्या राहिल्या होत्या, त्या जमिनी वन असल्याचे शासन सांगू लागले. विक्रोळी येथील गोदरेज आणि बॉइस कंपनीच्या जमिनीचे प्रकरण यातील प्रमुख. मुंबई उच्च न्यायालयाने २४ मार्च २००८ रोजी शासनाचे म्हणणे मान्य केले. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्या. मदन लोकूर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात वेलकर प्रकरणातील अर्थ नाकारण्यात आला. नोटीस मालकावर बजावलेली असली पाहिजे, आणि ती जिवंत असली पाहिजे. दशकानुदशके पुढील कार्यवाहीविना पडून राहिलेल्या नोटिशीच्या आधारे जमीन निहित झाली असे मानता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

मराठी कार्यालयीन भाषेने हा भेद पूर्वीच केलेला होता. नोटीस 'काढणे' आणि नोटीस 'बजावणे' या दोन क्रिया आपल्याकडे कोणताही कारकून वेगळ्या ओळखतो. एकीचा साक्षीदार जावक नोंदवही, दुसरीचा साक्षीदार मालकाची सही. 'बजावणे' हे फारसी 'बजा', म्हणजे 'जागेवर, यथास्थान', या शब्दावरून आलेले आहे. 'अंमलबजावणी' या सामासिक शब्दातही तेच आहे : हुकूम जागेवर पोचविणे. हुकूम जागेवर पोचला नाही तर 'अंमल' राहतो, 'बजावणी' होत नाही. अर्थात न्यायालयाने निकाल दिला तो कायद्याच्या रचनेवरून, व्युत्पत्तीवरून नव्हे. परंतु ज्या भाषेत तलाठी, वनरक्षक आणि शेतकरी व्यवहार करतात त्या भाषेत हा प्रश्न इतका संदिग्ध नव्हता, हे नोंदवावयास हवे.

या निकालाचे मोल दोन्ही बाजूंनी मोजले पाहिजे. ज्या कुटुंबांनी कष्टाच्या पैशातून घर घेतले आणि मागाहून आपल्या पायाखालची भूमी वन आहे असे ऐकले, त्यांना न्याय मिळाला. परंतु ज्या उतारांवर एकेकाळी खरोखर वन होते ते या न्यायाने परत आले नाही. तेथे वन हरले ते मालकाच्या बंडखोरीने नव्हे, तर निर्बंध घालणाऱ्याच्या विस्मृतीने.

वाशीसारख्या भागात खाजगी जमिनीवरील झाडोऱ्याचा संबंध मुख्यतः दुसऱ्याच एका कायद्याशी येतो : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, अंजन आदी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. हा निर्बंध जमिनीच्या तुकड्यावर नसून झाडाच्या जातीवर आहे. त्यामुळे नोटीस, बजावणी व फेरफार यांचे प्रश्न उद्भवत नाहीत. मूळ अधिनियमातील दंडाची मर्यादा एक हजार रुपयांची होती. सहा दशकांत रुपयाचे मोल घटत गेले आणि जुन्या चिंचेच्या लाकडाचे मोल वाढत गेले. तेव्हा केवळ दंडाच्या भयाने झाड टिकेल ही अपेक्षा फोल होती.

१२ डिसेंबर १९९६ च्या टी. एन. गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य मानला, आणि मालकी कोणाचीही असो, वन संरक्षण अधिनियम, १९८० त्यास लागू केला. २०२३ च्या दुरुस्तीने या व्याप्तीस मर्यादा घातल्या. त्यावर १९ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, तूर्त १९९६ चाच अर्थ पाळावा, असे सांगितले. कोशातील एका शब्दावर लक्षावधी हेक्टरांचे भवितव्य अवलंबावे, ही घटना भाषाभ्यासकांना विचार करावयास लावणारी आहे. पण कोश वनाची ओळख देतो. राखणदार देत नाही.

स्वेच्छेच्या वाटेचा नवा आरंभ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २००२ च्या दुरुस्तीत दिसतो. ती १ एप्रिल २००३ पासून अंमलात आली. तीतील कलम ३६-क प्रमाणे एखादी व्यक्ती वा समाज स्वतः होऊन वन्यजीव व त्यांचे निवासस्थान राखण्यास पुढे आला, तर त्या खाजगी वा सामूहिक भूमीस शासन 'सामुदायिक राखीव' म्हणून घोषित करू शकते. त्यानंतर व्यवस्थापन समितीचा ठराव व शासनाची मान्यता यांवाचून जमिनीचा वापर बदलता येत नाही. समितीवर ग्रामपंचायतीने नामनिर्देशित केलेल्या प्रतिनिधींस स्थान आहे. बंधन स्वेच्छेचे असून ते पाहणारे डोळे गावातलेच, ही रचना कलम ३८ च्या एक पाऊल पुढे जाते, आणि देवराईच्या परंपरेसही ती परकी नाही.

या साऱ्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, खाजगी वनावरील निर्बंध मालकापर्यंत बजावला गेला पाहिजे, आणि पुढील मालकास दिसेल अशा रीतीने हक्कनोंदणीच्या 'इतर हक्क' या रकान्यात उतरला पाहिजे. दुसरी, निर्बंध घालतेवेळी रानाची स्थिती काय होती याची नोंद हवी. तिच्यावाचून उल्लंघन सिद्ध करण्यास आधारच राहत नाही. तिसरी, वर्षातून एकदा तरी कोणीतरी ती सीमा चालून गेले पाहिजे, आणि त्या चालण्याचा खर्च निर्बंधाबरोबरच मंजूर झाला पाहिजे. यांपैकी एक गोष्ट गळाली की उरलेल्या दोन निष्फळ होतात.

धाराशिव जिल्ह्यात येडशी येथील रामलिंग घाटाचे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्या रानास वनरक्षक आहेत. वाशीच्या आसपासच्या खाजगी उतारांना मात्र मालकाशिवाय राखणदार नाही. तेथील एखाद्या शेतकऱ्यास आपले पोटखराबातील रान राखावेसे वाटले, तर कायद्यात त्यास वाट आहे. आणि त्या वाटेवर त्याची मालकी जात नाही, हे त्यास विश्वासाने सांगता आले पाहिजे. १९७५ नंतरच्या घटनांनी महाराष्ट्रातील मालकास नेमके उलटे शिकविले : झाडोरा राखावा तर जमीन जाईल. हे भय निवारणे हे कोणत्याही नव्या निर्बंधाआधीचे काम आहे. आज्ञापत्राने झाडाच्या धन्यास राजी करावयास सांगितले होते. त्या सूचनेस तीनशे वर्षे उलटून गेली, पण तिची गरज उलटलेली नाही.